भावाला कोणतं वचन दाखवू?

मेलबर्नहून एका भगिनीचं मोठं पत्र आलं आहे. माहेर कोल्हापूरचं, नागाळा पार्कातलं, आणि घराणं आजोबांपासून वायल्डर मेमोरियल चर्चच्या मंडळीतलं. वडील गेल्या वर्षी गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं आणि घर त्यांच्याच नावावर आहे. आई ७८ वर्षांची, साखर आहे, गुडघे गेलेत, ती भाऊ-वहिनींजवळ राहते. महिन्याभरापूर्वी भावानं हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सअॅपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सही करून पाठव.’ उत्तर म्हणून ताईंनी घरच्या ग्रुपवर ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ हे वचन टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक टाकलं. वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. आता रविवारचा फोन आई एकटीच घेते आणि घाईघाईनं ठेवते.

पत्राच्या शेवटी ताई विचारतात, ‘भाऊ मंडळीत वडील (म्हणजे चर्चच्या कारभारातला ज्येष्ठ) आहे, शास्त्र (बायबल) जाणतो. त्याला पटेल असं कोणतं वचन दाखवू?’

ताई, भावासाठी मी तुम्हाला वचन देणार नाही. ती वचनं त्याला पाठ आहेत. तुमच्यासाठी मात्र काही सांगते, कारण पत्र तुम्ही लिहिलं आहे आणि जे काही बदलायचं ते तुमच्याच हातात आहे.

सुरुवात लूकच्या बाराव्या अध्यायापासून करा. तुमच्यासारखीच मागणी घेऊन एक माणूस गर्दीतून येशूकडे आला होता. गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी कर म्हणून. येशूनं त्याला विचारलं, मला तुमच्यावर न्यायाधीश आणि वाटणी करणारा कुणी नेमलं? भावाची बाजू त्यानं घेतली नाही आणि या माणसाचीही घेतली नाही. मग तो तिथे जमलेल्या सगळ्यांशीच लोभाबद्दल बोलला आणि कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेल्या श्रीमंताची गोष्ट त्यानं सांगितली. वाटणी मागणाऱ्या त्या माणसाचा हक्क खोटा होता असं शास्त्र कुठंही म्हणत नाही. पण भावाला वाकवायला देवाचं नाव वापरायची मुभाही त्याला मिळाली नाही. त्यामुळे वाटणी कायद्याच्या कागदावर होऊ द्या आणि शास्त्र स्वतःच्या मनासाठी उघडा. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की घरं मोडतात. आमच्या कोल्हापुरात मी हे बघते आहे. एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेणारे सख्खे भाऊ गेटाबाहेर एकमेकांना सलामसुद्धा करत नाहीत.

कागदाचंही बोलू, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला की भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. तुम्ही दोघंच भावंडं आहात, म्हणजे आई, भाऊ आणि तुम्ही यांचे तीन सारखे वाटे झाले. भावाच्या मसुद्यात आईचा उल्लेख आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या चार पानी पत्रातही आईचं दुखणं आहे, आईची औषधं आहेत, आईचे अश्रू आहेत, पण आईचा वाटा नाही. दोघं मुलं आईच्या मानाबद्दल भांडताहेत आणि तिच्या घराचं काय करायचं हे तिला कुणी विचारलेलं नाही. मान राखायचा असेल तर सुरुवात इथून करा. घर विकायचं, ठेवायचं की बिल्डरला द्यायचं, हा प्रश्न आधी आईला विचारा आणि तिला उत्तर द्यायला वेळ द्या. स्वतःच्या वाट्याचं मृत्युपत्र ती दोन साक्षीदारांसमोर करू शकते. पण ते तिला वाटलं तर, तुम्हा दोघांच्या घाईखातर नाही.

आता तुमचा हक्क. काही नातेवाईक तुम्हाला म्हणालेत की विश्वासणाऱ्या मुलीनं सही करून मोकळं व्हावं, क्षमा करावी, सत्तर वेळा सात. हे मला पटत नाही आणि मी ते स्पष्ट लिहिते. क्षमा करणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हाला वतन द्या, असं त्या सगळ्या मंडळीसमोर म्हणतात. मोशे ते देवापुढे ठेवतो आणि देव सांगतो की त्यांचं म्हणणं योग्य आहे. त्या रडल्या नाहीत, कुणाला टोमणे मारले नाहीत, जिथे निर्णय होतो तिथे जाऊन त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. तुम्हीही तसंच करा. हिस्सा ठेवायचा असेल तर तसं साध्या शब्दांत सांगा. भावाला द्यायचा असेल तर आनंदानं द्या आणि नंतर त्याची आठवण काढू नका. पण रागाच्या भरात किंवा लाजेखातर सही करू नका. ती सल पुढच्या पिढीपर्यंत जाते.

मार्कच्या सातव्या अध्यायाबद्दल लिहू की नको, असा मी दोन दिवस विचार केला. लिहिते, कारण तुम्ही मनापासून विचारलं आहे. तुमच्याकडच्या चर्चच्या नव्या इमारतीसाठी तुम्ही मोठी रक्कम कबूल केलीत, म्हणून यंदा आईला पाठवायचे पैसे निम्मे केलेत, असं पत्रात एका ओळीत येऊन गेलं आहे. येशूच्या काळी लोक आईबापांना सांगत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळालं असतं ते मी देवाला अर्पण केलंय, ते आता कुर्बान आहे. आणि हात झटकत. येशूनं त्यांना चांगलंच सुनावलं, मान राख ही आज्ञा तुम्ही तुमच्या रिवाजानं रद्द करता म्हणून. त्यांच्यासारखं तुमच्या मनात काही नव्हतं, हे मी जाणते. तरी ज्या आज्ञेचं वचन तुम्ही भावाला पाठवलंत, तिच्याच बाबतीत येशू अर्पणाची सबब चालवून घेत नाही. इमारतीचे हप्ते लांबवता येतील. तुमच्या पाळकांना मोकळेपणानं सांगा, ते समजून घेतील.

वहिनींबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे.

रविवारी संध्याकाळी तुमचा व्हिडिओ कॉल येतो. आई वेणी घालून, इस्त्रीची साडी नेसून बसलेली असते. फोन स्टीलच्या डब्याला टेकवलेला असतो, मागे धुतलेला पडदा दिसतो. तुम्ही म्हणता, आई किती छान दिसतेय. ती वेणी कुणी घातली? अशा कितीतरी घरांत मी जाते. कॉलच्या अर्धा तास आधी भिजलेली चादर बदललेली असते, रबराचं अंथरूण पुसून गॅलरीत टाकलेलं असतं. साखर बघून वहीत लिहिलेली असते, सुई टोचलेली असते. ‘नको ग, दुखतंय’ म्हणणाऱ्या म्हातारीला समजावत तिच्या गुडघ्याला तेल लावलेलं असतं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर एक बाई हात पुसत उभी असते आणि तिला कुणी ‘तुम्ही कशा आहात’ असं विचारत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा तुम्ही तिथे बसून राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला बघत होता, हे तुम्ही लिहिलंय. ती काळजी खरीच आहे. पण पातळी ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून गेली, त्या दिवसांत गुडघे गेलेल्या बाईला खुर्चीत बसवून नातेवाइकांच्या वरच्या मजल्यावर कुणी नेलं, तेही तुमच्याच पत्रात आहे. भावानं आणि वहिनीनं.

रूथची गोष्ट आपल्याकडे लग्नात सुनेला ऐकवतात, तू जाशील तिथे मी येईन वगैरे. माझं म्हणणं आहे, ती सुनेला ऐकवण्याआधी नणंदेनं वाचावी, आणि शेवटपर्यंत वाचावी. चौथ्या अध्यायात बेथलेहेमच्या बाया नामीला म्हणतात की तुझ्यावर प्रेम करणारी ही तुझी सून तुला सात मुलांहून अधिक आहे. हे त्या चारचौघांत म्हणतात. तुमच्या घरात असं वहिनींना आजवर कुणी म्हटलंय का? फोन करा. आईची चौकशी नको, घराचा विषय तर मुळीच नको. ‘वहिनी, तुम्ही आईचं जे करता ते मला जमलं नसतं,’ एवढं म्हणा आणि गप्प बसून ऐका. पहिल्यांदा त्या तुटक बोलतील. बोलू द्या. याकोबाच्या पत्रातलं ‘ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश’ हे मला तरी फोनवरच सगळ्यात कठीण जातं.

भावाशीही ग्रुपवर बोलू नका. मत्तयच्या अठराव्या अध्यायात पहिली पायरी एकांताची आहे, तू आणि तो, दोघंच. साक्षीदार नंतर आणि मंडळी सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटच्या पायरीवरून सुरुवात केलीत आणि ग्रुपवर मावशी, आत्या, त्यांची मुलं सगळे आहेत. त्याच ग्रुपवर एक ओळ टाका की इथे बोलायला नको होतं. त्यापुढे ‘पण’ लिहू नका. सूर्य तुमच्या रागावर मावळू नये, असं पौल इफिसकरांना लिहितो. तुमच्याकडे सूर्य मावळतो तेव्हा आमच्याकडे दुपारची जेवणं चाललेली असतात. म्हणजे पहिला फोन तुम्हीच करायचा.

एवढं ऐकवल्यावर एक गोष्ट तुमच्या बाजूचीही. ‘आम्ही देश सोडला, म्हणून ही शिक्षा’ असं तुम्ही लिहिलंत. असं मानू नका. कैद करून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयानं पत्र लिहिलं होतं, तुमच्यासारख्याच दूर राहणाऱ्यांना. घरं बांधा आणि त्यात राहा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा. रोज यरुशलेमच्या नावानं झुरत बसा असं तो म्हणाला नाही. तुमचं तिथलं घर, नोकरी, मुलांची शाळा यात काही अपराध नाही. मला वाटतं, हा अपराधी भाव मनात दाबून ठेवल्यामुळेच भावाशी बोलताना तुमच्या शब्दांना धार येते. तो उतरवून ठेवा, बोलणं आपोआप नरम होईल.

(दुसऱ्या धर्माच्या वाचकांपैकी कुणाला हे आपलं नाही असं वाटत असेल, तर वहिनींबद्दलचा भाग तेवढा पुन्हा वाचा. वारसा कायदा मात्र तुमचा वेगळा आहे, वरचे आकडे तुम्हाला लागू नाहीत.)

मुलं मराठी शास्त्र वाचत नाहीत, हेही तुम्ही विचारलंय. त्याला लहानसं उत्तर आहे. वाचायला लावू नका, आजीकडून ऐकू द्या. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केलं, १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत त्या त्यावर खपत होत्या. साध्या बायाबापड्यांना समजेल असं शास्त्र त्यांना हवं होतं. आजीच्या तोंडचं तेविसावं स्तोत्र मुलांना अर्धं कळलं तरी पुरे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन तिला म्हणायला सांगा. त्यानिमित्तानं फोन घाईघाईनं ठेवला जाणार नाही.

नाताळला येणार आहात, तर कामाचं असं. येण्याआधी कोल्हापुरातला एखादा वकील स्वतः गाठा, भावाचाच नको. प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा मागवून बघा. कुलमुखत्यारपत्र तिकडून करून पाठवायचं ठरलं, तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे विसरून कागद कपाटात पडून राहतात. पण तुम्ही येणारच आहात, तर सहीचं काम समोरासमोरच करा, आईला शेजारी बसवून. हक्कसोडपत्र झालंच तर ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागेल. आणि आठ दिवसांच्या सुट्टीत करंज्या खाऊन, कॅरलला जाऊन परतू नका. निदान दोन आठवडे काढा, आईचं सगळं, सुईपासून चादरीपर्यंत, वहिनींकडून शिकून घ्या आणि मग भाऊ-वहिनींना कुठेतरी पाठवा. तिकीट काढण्याआधी वहिनींनाच विचारा, कोणत्या तारखा त्यांना सोयीच्या आहेत. कदाचित त्या म्हणतील, नाताळात नको, जानेवारीत या. तर जानेवारीत या.