कुत्रीला आत्ताच दुसऱ्या घरी पाठवायचं का?

साठी ओलांडलेल्या एक बाई. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलेला, केमो बंद, घरीच वेदनाशामक उपचार सुरू. घरात 9 वर्षांची, 12 किलोची कुत्री, तिला फिटचा जुना त्रास. सुनेचा प्रश्न होता: "इन्फेक्शनची भीती वाटते. शिवाय शेवटी आईंना ताटातूट जास्त जड जाईल. मग हिला आत्ताच कुणाकडे दिलं तर?"

सासूबाईंना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. त्यांची झोप दुखण्यामुळे उडाली आहे, असं घरचे धरून चालले होते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्यामागे हिच्या गोळ्या वेळेवर कोण देणार?" यावर "तुम्ही काळजी करू नका, आम्ही आहोत ना" हे सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. त्यात ना कुणाचं नाव, ना वेळ, ना डोस, त्यामुळे ऐकणाऱ्याचा घोर वाढतोच.

आधी इन्फेक्शनचं बघू. केमो चालू असताना न्यूट्रोफिल (रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या खाली गेले असतील, तर जपावंच लागतं. एरवी कुत्रीला जखम किंवा सलाईनची जागा चाटू द्यायची नाही, नखं कापलेली, लस आणि जंताचं औषध वेळेवर, शी दुसऱ्या कुणी उचलायची आणि हात साबणाने 20 सेकंद धुवायचे. मांजर असेल तर लिटर, म्हणजे तिच्या शी-शूची वाळू, रोजच्या रोज दुसऱ्याने साफ करायचं. टॉक्सोप्लाझ्मा या मांजराच्या शीतून पसरणाऱ्या परजीवीची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला 1 ते 5 दिवस लागतात, रोज साफ केलं तर तेवढा अवधी मिळत नाही.

माणसाकडून प्राण्याला असलेला धोका मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. फेंटानिलचा पॅच, म्हणजे तीव्र वेदनांसाठी कातडीला चिकटवायची औषधाची पट्टी, साधारण 72 तासांनी बदलतात आणि काढलेल्या पॅचमध्येही कुत्र्याच्या जिवावर बेतेल इतकं औषध उरलेलं असू शकतं. दंडावरचा पॅच कुत्री चाटते, म्हणून तो पाठीवर वरच्या बाजूला, कपड्याखाली लावून घ्यावा. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडायचा, उघड्या कचऱ्यात कधीच टाकायचा नाही. चघळलाच तर लक्षणांची वाट न बघता पॅचचं पाकीट घेऊन थेट पशुवैद्यांकडे जायचं. मांजराच्या जिवावर बेतायला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा पुरते.

या बाईंच्या पोटात पाणी झालं होतं आणि कुत्री उडी मारून नेमकी पोटावर यायची. तिला खोलीबाहेर ठेवण्याऐवजी पलंगाच्या पायथ्याशी दोन पायऱ्यांचा ठोकळा ठेवला, तिची वेगळी चादर तिथेच अंथरली आणि ऑक्सिजनची नळी उशाकडून फिरवली. फिरवणं, आंघोळ सुनेकडे गेली. ब्रश करणं आणि गोळी देणं बाईंकडेच राहिलं, कारण ते पडल्या पडल्या जमतं. कुत्रीची फिटची गोळी म्हणजे फेनोबार्बिटल 30 मिलिग्रॅम, सकाळी 7 आणि संध्याकाळी 7. हे औषध एकदम थांबलं तर फिट लागोपाठ येऊ शकतात. मॉर्फिनच्या गुंगीत बाईंची संध्याकाळची वेळ चुकेल, म्हणून गोळी गेल्याची खूण कॅलेंडरवर सुनेनं करायची, असं ठरलं.

मग पुढच्या घराचा प्रश्न. सगळ्यांत आधी रडत "मी सांभाळीन" म्हणणारा नातेवाईक शेवटी सांभाळतोच असं नाही, हे अशा घरांत वारंवार दिसतं. इथे भाची तयार होती. कुत्री आधी दोन दिवस, मग पाच दिवस तिच्याकडे राहायला गेली. पहिल्याच फेरीत दोन गोष्टी बिनसल्या. खाणं एकदम बदललं म्हणून जुलाब झाले. नवं खाणं पाव, अर्धं, पाऊण असं 7 दिवसांत वाढवायला हवं होतं. दुसरं, कुत्री गोळी थुंकत होती. फोनवर बाईंनी युक्ती सांगितली: पहिला घास रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि तो तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर धरायचा. ही माहिती कुठल्याच फाईलमध्ये नव्हती. सराव बाई सांगू शकत होत्या तेव्हाच झाला, म्हणून ती मिळाली.

कागदोपत्री म्हणाल तर बहुतेक देशांत प्राणी कायद्याने मालमत्ता ठरतो, त्यामुळे पैसे थेट त्याच्या नावावर ठेवता येत नाहीत. सांभाळणाऱ्या माणसाच्या नावे ठेवावे लागतात. मृत्युपत्र उघडेपर्यंत कित्येक दिवस जाऊ शकतात आणि कुत्रीला गोळी त्याच संध्याकाळी लागते. त्यासाठी एक पानाचा वेगळा कागद हवा: सांभाळणाऱ्याचं नाव, तो अडला तर दुसरं नाव, औषध, खाणं, पशुवैद्यांचा नंबर. त्याची एक प्रत घरात, एक भाचीकडे. फेनोबार्बिटल चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा पशुवैद्यांकडच्या नोंदीत भाचीचं नाव बाईंच्या सहीनं आधीच घालून घ्यायचं आणि महिनाभराच्या गोळ्या हाताशी ठेवायच्या.