वाचकांचे प्रश्न : अंगणातला आणि गच्चीवरचा अनंत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत अनंताविषयीच्या तक्रारी इतक्या होत्या, की हे संपूर्ण पान त्याच एका झुडपासाठी राखून ठेवले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या गच्चीवर सिमेंटच्या कुंडीत अनंत आहे. रोपवाटिकेतून आणला तेव्हा पाने गर्द हिरवी होती; आता शेंड्याकडची नवी पाने पिवळी येतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. शेणखत, एप्सम सॉल्ट आणि अंड्याच्या टरफलांची पूड असे सर्व उपाय झाले. इमारतीत बोअरवेलचे पाणी येते. झाडाला काय कमी पडते आहे? (पुणे)

उत्तर : झाडाला लोह कमी पडते आहे, परंतु कुंडीत लोह नाही असे त्यामुळे समजू नये. अनंत मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान या भागांतला असून भरपूर पावसाच्या, पालापाचोळ्याने आम्ल झालेल्या मातीत वाढणारा आहे. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचे माप) 5 ते 6 च्या दरम्यान असला म्हणजे त्याची मुळे लोह सहज उचलतात. सामू जसजसा वाढतो तसतसे लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. एका अंकाच्या वाढीने फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. कोकणातल्या जांभ्या मातीत अनंत कोणी लक्ष न देताही फोफावतो आणि देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत तोच अनंत रोगट दिसतो, याचे मुख्य कारण हे आहे. अनंताच्याच कुळातली एक्झोरा आपल्याकडे असेल, तर तिचीही पाने बहुधा अशीच पिवळी पडलेली दिसतील.

आपल्या बाबतीत चुना तीन वाटांनी कुंडीत शिरला आहे : सिमेंटच्या कुंडीतून, बोअरवेलच्या जड पाण्यातून आणि अंड्याच्या टरफलांतून. टरफले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती अनंताला घालणे म्हणजे दुखण्यालाच खतपाणी घालणे होय. चुलीची राखही याच कारणासाठी वर्ज्य समजावी. एप्सम सॉल्ट मॅग्नेशियम पुरवते, आणि मॅग्नेशियमच्या कमतरतेची खूण आधी जुन्या, खालच्या पानांवर उमटते. खालची पाने शिरांसकट सरसकट फिकी पडत असतील तर नत्राची उणीव संभवते. आपले वर्णन नव्या पानांचे आणि हिरव्या शिरांचे आहे, ते लोहाशीच जुळते. खात्री करावयाची असल्यास कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. ती फसफसली तर चुना आहे हे निश्चित.

उपाय दोन पायऱ्यांनी करावा. तातडीचा उपाय फवारणीचा आहे : एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून संध्याकाळी नव्या पानांवर दोन्ही बाजूंनी फवारावे व दहा-बारा दिवसांनी पुन्हा करावे. द्रावण ताजेच वापरावे, कारण ते तपकिरी झाले की त्याचा उपयोग संपतो. फरशीवर थेंब पडले तर गंजाचे डाग जात नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. मातीतून द्यावयाचे असेल तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकून बसू नये म्हणून दुसऱ्या द्रव्याशी बांधलेले लोह, मिळते. ते घेताना वेष्टनावर ‘ईडीडीएचए’ लिहिले आहे ना, हे पाहावे. स्वस्त मिळणारे ‘ईडीटीए’ प्रकारचे लोह सामू साडेसहाच्या वर गेला की फारसे टिकत नाही आणि पैसे मातीत जातात.

कायमचा उपाय माती आणि पाणी बदलण्याचा आहे, आणि तो टाळून नुसत्या फवारण्या करीत राहणाऱ्यांचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पावसाळ्यात झाड 12 ते 14 इंची मातीच्या कुंडीत हलवावे. दोन भाग लाल माती, दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग चांगला कुजलेला पालापाचोळा हे मिश्रण पुरते. मुळांभोवतीची जुनी माती हलक्या हाताने जितकी निघेल तितकीच काढावी. पाण्यासाठी पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम. ते नसेल तर वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी बादलीत धरावे, त्यात क्षार जवळजवळ नसतात. याउलट, घरातल्या आरओ यंत्राच्या सांडपाण्यात मूळचे क्षार अधिक दाट झालेले असतात, म्हणून पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूनेही ते अनंताला घालू नये. चहाचा चोथा धुऊन घातल्यास अपाय नाही, परंतु त्याने सामू उतरेल या भरवशावर राहू नये.

प्रश्न : कळ्या भरपूर लागतात, बोटाच्या पेराएवढ्या होतात आणि उमलण्याआधी पिवळ्या पडून गळतात. खत वाढवावे का? (नाशिक)

उत्तर : खत वाढवू नये. नत्रयुक्त खत जास्त झाले तर झाड पानांकडे वळते आणि गळ आणखी वाढते. कळी धरण्यासाठी अनंताला थंड रात्री लागतात, म्हणून आपल्याकडे हिवाळ्याच्या अखेरीस कळ्या दिसू लागतात. पुढे त्या पोसल्या जात असतानाच मार्च-एप्रिलचे कोरडे, तापलेले वारे सुरू होतात. अशा वेळी कुंडी एक दिवस जरी पूर्ण सुकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात भरमसाट पाणी ओतले, तरी झाड प्रथम कळ्याच सोडून देते. माती सतत ओलसर असावी, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू नये, कारण मुळे गुदमरली तरी परिणाम हाच दिसतो. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा हिवाळ्यातच ठरवावी, आणि कळ्या लागल्यावर कुंडी हलवू नये. कळ्यांनी भरलेले रोप रोपवाटिकेतून आणले की घरी आठवड्यात कळ्या गळतात, तेही जागा व हवा बदलल्यामुळेच. त्यासाठी विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही. गळलेल्या कळ्यांवर तपकिरी ओरखडे दिसत असतील तर फुलकिडे असण्याचा संभव आहे. कळी उकलून पांढऱ्या कागदावर झटकली म्हणजे ते बारीक, लांबट किडे दिसतात.

प्रश्न : अंगणातला अनंत पुरुषभर उंचीच्याही वर गेला आहे. फुले शेंड्याला येतात आणि हात पोचत नाही. छाटणी केव्हा करावी? छाटलेल्या फांद्यांपासून रोपे होतील का? (रत्नागिरी)

उत्तर : अनंताचे फूल फांदीच्या टोकाला येते, त्यामुळे चुकीच्या महिन्यात कात्री लावली की पुढच्या वर्षीचा बहर कचऱ्यात जातो. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंतचा मोठा बहर ओसरला, की ऑगस्टअखेरपर्यंत पावसाची उघडीप पाहून छाटणी उरकावी. दसऱ्यानंतर धारदार काहीही झाडाजवळ नेऊ नये. इतके उंच झाड एकदम गुडघ्याएवढे करण्याचा मोह टाळावा. दरवर्षी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश खालून काढाव्यात, म्हणजे तीन वर्षांत झुडूप नवे होते आणि एकाही वर्षी फुलांना मुकावे लागत नाही.

रोपे अवश्य होतील. धड कोवळी नाही आणि धड जून नाही अशी फांदी निवडून 10 ते 12 सेंटिमीटरचे छाट घ्यावेत, वरच्या दोन पानजोड्या ठेवून बाकीची पाने काढावीत आणि कोकोपीट व वाळूच्या मिश्रणात सावलीत लावावेत. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. थोडीच पण जोमदार रोपे हवी असतील तर गुटी कलम बरे : पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवर अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढून तिथे ओले शेवाळ प्लॅस्टिकने घट्ट बांधावे, आणि प्लॅस्टिकमधून मुळे दिसू लागली की त्याखाली कापून घ्यावे.

प्रश्न : अनंत म्हणून विकत घेतलेल्या झाडाला वर्षभर पांढरी दुहेरी फुले येतात, पण त्यांना अनंतासारखा वास नाही. वास वाढवण्यासाठी काही घालता येईल का? (सोलापूर)

उत्तर : काही घालण्यापूर्वी एक पान तोडून पाहावे. देठातून पांढरा चीक आला तर आपले झाड दुहेरी तगर आहे. अनंताला चीक नसतो. तगरीलाही रात्री मंद वास असतो, परंतु अनंताची तिच्याशी तुलना नाही. खऱ्या अनंताचे पान अधिक जाड व तकतकीत असून त्यावरच्या शिरा खोल दबलेल्या असतात, आणि त्याचे फूल पांढरे उमलून दोन-तीन दिवसांत लोण्याच्या रंगावर जाते. तगर सोलापूरच्या मातीत आणि उन्हात अनंतापेक्षा कितीतरी सुखाने राहते, तेव्हा ती उपटून टाकू नये.

प्रश्न : एकेरी अनंताला नारिंगी फळे धरली आहेत. ती विषारी असतात का? (मडगाव)

उत्तर : चीन व जपानमध्ये ही फळे पिवळ्या रंगासाठी शतकानुशतके वापरली जातात. त्यांतले क्रोसिन हे केशराला रंग देणारेच द्रव्य आहे, आणि जपानी मुळ्याच्या पिवळ्या लोणच्यालाही पूर्वापार यांचाच रंग देत आले आहेत. तरीही घरी प्रयोग म्हणून खाऊ नयेत. दुहेरी पाकळ्यांच्या अनंताला फळ सहसा धरत नाही. बी नको असेल तर फळे काढून टाकावीत, झाडाची शक्ती फुलांसाठी राहते.

प्रश्न : पानांवर काजळीसारखा काळा थर बसला आहे आणि खोडावर मुंग्यांची रांग असते. बुरशीनाशक फवारले, पण फरक नाही. (ठाणे)

उत्तर : ही काजळी म्हणजे बुरशीच आहे, परंतु ती पानावर जगत नसून पिठ्या ढेकूण, खवले कीड किंवा पांढरी माशी यांनी सोडलेल्या चिकट गोड स्रावावर जगते, म्हणून बुरशीनाशकाने ती हटत नाही. मुंग्या त्याच स्रावासाठी येतात आणि मोबदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. पानांच्या पाठी आणि फांद्यांचे बेचके तपासून कापसासारखे पुंजके ओल्या फडक्याने किंवा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने पुसून काढावेत. नंतर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण नीट फेटून, उन्हे उतरल्यावर पानांच्या मागच्या बाजूने आठवड्याच्या अंतराने तीन वेळा फवारावे. उमललेल्या फुलांवर फवारा जाऊ देऊ नये, त्यांच्या पाकळ्या नुसत्या बोट लागल्यानेही तपकिरी पडतात. कुंडी भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेली असल्यास वेगळी करावी आणि तिच्या खाली पाण्याच्या ताटलीत विटा ठेवून त्यांवर ती उभी करावी, म्हणजे कुंडी पाण्यात न भिजता मुंग्यांची वाट तुटते. कीड गेल्यावर काजळी पावसाने किंवा ओल्या फडक्याने आपोआप सुटते.