मत फुटतं, पण कोणाचं?

प्रश्न असा आला आहे : एक मैत्रीण अमेरिकी राजकारणावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. तिनं लिहिलं आहे, ‘अनेक डेमोक्रॅट मतदारांनी पक्षाच्या रेषा ओलांडून रीगन यांच्यासाठी मतदान केले.’ रीगन हे समोरच्या, रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार. वाक्य तिला स्वतःलाच खटकतंय. इथे ‘क्रॉस व्होटिंग’ म्हणावं, ‘मते फुटली’ म्हणावं, की आणखी काही?

आधी ‘क्रॉस व्होटिंग’ पाहू. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. साखर कारखान्याच्या किंवा सोसायटीच्या निवडणुकीत तो रोज वापरला जातो. पॅनेलला एकच चिन्ह असतं, विमान म्हणा, कपबशी म्हणा. कार्यकर्ते घरोघरी सांगत फिरतात, ‘सगळे शिक्के विमानावर.’ हे झालं पॅनेल टू पॅनेल मतदान. चार शिक्के विमानावर आणि पाचवा कपबशीवर पडला, की ते क्रॉस व्होटिंग. मतमोजणीच्या टेबलावर सरळ पॅनेलच्या मतपत्रिकांचे गठ्ठे भराभर बांधून होतात. वेळ खातात त्या या ‘क्रॉस’ मतपत्रिका. इथे शब्दाला दोषाचा वास नाही. मतदारानं निवड केली, एवढंच.

विधिमंडळाच्या आवारात मात्र हाच शब्द आरोप होतो. आमदारानं आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून समोरच्याला मत दिलं, तर बातमीत येतं : ‘अमुक पक्षाची सात मतं फुटली.’ मला या ‘फुटणे’ क्रियापदाचं फार कौतुक वाटतं. ते अकर्मक आहे; फोडणारा कोण, हे सांगावं लागत नाही. विधान परिषदेवर आमदार जे सदस्य निवडून देतात, ते मतदान गुप्त असतं. मतं कमी पडली हे मोजून कळतं, कोणाची हे कळत नाही. माहिती जेवढी आहे तेवढंच ‘फुटली’ सांगतं. कुणावर बोट ठेवायचं असेल, तर ‘फोडली’ हे सकर्मक रूप तयार आहेच. राज्यसभेचं वेगळं. 2003च्या दुरुस्तीपासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, त्यामुळे तिथे ‘मत फुटलं’ याच्यामागे नावही येतं.

‘फुटणे’च्या शेजारी ‘फितूर’ राहतो. शब्द अरबीतून आला. हिंदीत ‘फितूर’ म्हणजे डोक्यात शिरलेलं खूळ. मराठीत मात्र त्याचा अर्थ शत्रूला जाऊन मिळालेला. उलटलेल्या साक्षीदाराला आपण अजूनही ‘साक्षीदार फितूर झाला’ असंच म्हणतो. मतदाराबद्दल हा शब्द चुकूनही वापरू नये.

माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. ‘पक्षाची मतं फुटली’ यातली षष्ठी पाहा. मत पक्षाचं आहे असं गृहीत धरलंय. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या आमदाराबद्दल ते समजण्यासारखं आहे. सामान्य मतदाराचं मत मुळात कोणत्याच पक्षाच्या मालकीचं नसतं. ते फुटेल कसं? त्याचं मत वळतं. ‘परंपरागत मतदार यंदा वळला’ असं आपण म्हणतोच.

खुद्द आमदार-खासदारांच्या बाबतीतही ‘फुटणे’ दर वेळी बसत नाही. 1969च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हटलं आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. रेड्डींच्या बाजूनं पाहिलं तर मतं फुटली, गिरींच्या बाजूनं विवेकाला कौल मिळाला. 2007च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत शिवसेना भाजपच्या आघाडीत (रालोआत) असूनही काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांच्या पाठीशी उभी राहिली. तिथे पक्षानंच उघडपणे ठरवलं होतं, त्यामुळे मतं फुटण्याचा प्रश्नच नव्हता. शब्द निवडताना आपण कोणाच्या बाजूनं बोलतोय, ते आधी ठरवावं लागतं.

आता मूळ वाक्य. ‘पक्षाच्या रेषा’ आपण ओढत नाही आणि ओलांडतही नाही. हा शब्दशः उचललेला प्रयोग आहे. ‘रीगन यांच्यासाठी मतदान’ हेही तसंच. मराठीत मत कोणाला तरी देतात, आणि मतदान एखाद्या निवडणुकीसाठी होतं. ‘विधानसभेसाठी मतदान’ बरोबर, ‘उमेदवारासाठी मतदान’ कानाला ओबडधोबड. ‘मतविभागणी’ तर इथे टाळाच. एका बाजूची मतं दोन उमेदवारांत वाटली जाऊन तिसऱ्याचा फायदा होतो, त्याला आपण मतविभागणी म्हणतो.

‘परपक्षमतदान’सारखं नाम घडवता येईल, पण मला ते नको वाटतं. आपल्याकडे या गोष्टीसाठी नाम नसलं तरी बोलण्याची पद्धत पक्की आहे : ‘आम्ही पक्ष बघत नाही, माणूस बघून मत देतो.’ किंवा ‘पक्ष बाजूला ठेवून मत दिलं.’ नामाचा हट्ट सोडून क्रियापदाकडे गेलं की मराठी मोकळी होते.

म्हणून मी असं लिहीन : ‘एरवी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या अनेकांनी या वेळी पक्ष बाजूला ठेवून रीगन यांना मत दिले.’ पुढे 1984चा संदर्भ येणार असेल, तर तिथेही हीच पद्धत चालेल. त्या वर्षी रीगन यांनी 50पैकी 49 राज्यं जिंकली, तरी प्रतिनिधिगृहात बहुमत डेमोक्रॅट्सचंच राहिलं. ‘अध्यक्षपदाला रीगन, प्रतिनिधिगृहाला डेमोक्रॅट, असे अनेकांनी मत दिले.’ ‘लोकसभेला एक, विधानसभेला दुसरा’ असं आपण म्हणतो, त्यातलाच हा ‘ला’.