इंग्रजांनी सत्ता हातात आल्यावर लगेच इंग्रजी का आणली नाही? इतकी वर्षं फारसीत कारभार का चालवला?

कारण सुरुवातीला ते स्वतःला राजे म्हणवतच नव्हते. १७६५ साली अलाहाबादला मुघल बादशहा शाह आलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी दिली, म्हणजे कागदोपत्री कंपनी ही बादशहाची दिवाण, महसूल गोळा करणारी. बादशहाचं फर्मान फारसीत, जमिनीच्या सनदा फारसीत, सगळा जुना हिशोब फारसीत, मग दिवाणाने दुसऱ्या भाषेत कारभार केला असता तर त्याचा हक्कच कोणी मानला नसता. आणि हे फक्त इंग्रजांचं नाही, महादजी शिंद्यांनीही १७८४ मध्ये पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुख्य कारभारी, हे पद बादशहाकडूनच घेतलं. आपल्याकडे महसुलाचं दफ्तर मराठीत, मोडीत होतं, पण दिल्ली-हैदराबादशी पत्रव्यवहार करायला पेशव्यांनाही पारसनीस, म्हणजे फारसी पत्रं लिहिणारा कारकून, लागायचाच.

कंपनीचा रुपया बघा, सगळं कळतं. कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेल्या नाण्यावर फारसी अक्षरं, शाह आलमचं नाव आणि राज्यारोहणाचं साल १९, म्हणजे तो गादीवर आल्यापासूनचं एकोणिसावं वर्ष. हे साल त्यांनी पुढे बदललंच नाही, कारण जुन्या सालाच्या नाण्यावर सराफ बट्टा कापायचे, म्हणजे किंमत कमी धरायचे, आणि सगळी नाणी एकाच सालाची दिसली की ती भानगड संपते. शाह आलम १८०६ मध्ये वारला तरी नाव चालूच!

पत्रांचंही तेच. संस्थानिकाला किंवा नवाबाला पत्र म्हणजे खरिता, सोन्याचे कण शिंपडलेला कागद, जरीची थैली, दोरीला लटकवलेली लाखेची मोहर. वर मोकळी जागा किती सोडायची, कोणाला कुठला किताब लावायचा, यावरून मान ठरायचा, एक शब्द इकडचा तिकडे झाला की समोरचा दुखावलाच. हे गोऱ्या साहेबाला कुठून येणार? म्हणून मुनशी, म्हणजे फारसी जाणणारा लेखनिक. वॉरन हेस्टिंग्जला फारसी शिकवणारा नवकृष्ण देव हिंदू होता, फारसी ही काही एका धर्माची भाषा नव्हती. राममोहन रॉय यांचा पहिला ग्रंथसुद्धा फारसीत आहे. पण साहेबांना मुनशींवर असं अवलंबून राहणं खुपायचं. विल्यम जोन्सने १७७१ मध्ये फारसीचं व्याकरण छापलं त्याच्या प्रस्तावनेत हे स्पष्टच आहे की आलेली पत्रं आपल्याला वाचता येत नाहीत आणि एतद्देशीय दुभाष्यावर भरवसा ठेवणं धोक्याचं. मग १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, तिथे नव्या साहेबांना फारसी शिकवायलाही परत मुनशीच.

मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इतिसामुद्दीनचं. हा बंगालचा मुनशी, शाह आलमचं तिसऱ्या जॉर्ज राजाला लिहिलेलं पत्र पोचवायच्या कामावर विलायतेला निघाला आणि जहाजावर बसल्यावर त्याला कळलं की पत्र आपल्यासोबत नाहीच, ते कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर क्लाईव्ह याने ठेवून घेतलंय. हे त्यानेच फारसीत लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला माहीत आहे.

बादशहाच्या नावाची गरज संपली तशी फारसीही गेली. १८३५ मध्ये रुपयावर चौथ्या विल्यमचं डोकं आलं (मागच्या बाजूला 'यक रुपिया' एवढं फारसी राहिलं), आणि १८३७ च्या २९ व्या कायद्याने कोर्ट-महसुलातून फारसी काढायची मुभा मिळाली. लोकांना कळेल अशी भाषा हवी हे कारण दिलं गेलं आणि ते खोटं नव्हतं, फारसी रयतेला कुठे येत होती. पण तिच्या जागी सगळीकडे इंग्रजी आली असं समजू नका. वरच्या कारभारात इंग्रजी, खालच्या कोर्टात बंगालमध्ये बंगाली, बिहार आणि वायव्य प्रांतात (साधारण आजचा उत्तर प्रदेश) फारसी लिपीतली हिंदुस्तानी, आणि तिथूनच पुढे नागरी की फारसी लिपी हा वाद पेटला, नागरीला वायव्य प्रांतात परवानगी मिळायला १९०० साल उजाडलं. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, सरकारी फारसी १८३७ नंतरही बरीच वर्षं टिकली, तिथे ती १८८० च्या दशकात गेली आणि जागा घेतली उर्दूने.