पशुपालकांचे प्रश्न : संध्याकाळची गोळी कुणी दिली?

प्रश्न : आमच्याकडे आठ वर्षांचा लॅब्राडोर आहे. दोन वर्षांपासून त्याला फिट्स येतात, म्हणून डॉक्टरांनी फेनोबार्बिटोनची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू केली आहे. गेल्या महिन्यात सासूबाईंनी सात वाजता गोळी दिली आणि नऊ वाजता घरी आलेल्या माझ्या यजमानांनी, ती राहिली असावी असे समजून, पुन्हा दिली. तो रात्रभर झोकांड्या खात होता. त्याआधी एकदा दोन वेळच्या गोळ्या चुकल्या आणि फिट आली. फ्रिजवर तक्ता लावला, पण चार दिवसांनी त्यावर कोणी खूण करीनासे झाले. वजनही ३२ किलोंवरून ३८ वर गेले आहे. आता घरात रोज एकमेकांना दोष देणे चालते. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या घरात काळजीची उणीव नाही. तिघेही त्याची काळजी घेतात, परंतु दुसऱ्याने काय केले हे तिसऱ्याला दिसत नाही. तूप लावलेल्या पोळीच्या तुकड्यात गुंडाळलेली गोळी तो न चावता गिळतो आणि मागे काहीच खूण उरत नाही. त्यातच या औषधाने भूक आणि तहान दोन्ही वाढतात. त्यामुळे पोटभर जेवलेला कुत्राही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उपाशी असल्यासारखा पाहत राहतो आणि नुकताच घरी आलेला माणूस साहजिकच समजतो की आज याला कोणी काही दिलेले नाही. म्हणून तुम्ही सांगितलेले दुहेरी गोळी आणि वाढलेले वजन हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

तक्ता टिकत नाही, कारण गोळी दिल्यानंतर खूण करणे हे आणखी एक काम होते. त्याऐवजी आठवड्याच्या चौदा कप्प्यांची गोळ्यांची डबी आणा आणि रविवारी ती भरून ठेवा. कप्पा रिकामा दिसला तर गोळी दिलेली आहे, मग कुत्रा कितीही केविलवाणा दिसो. गोळी राहून गेली असेल तर आठवताक्षणी द्यावी. मात्र पुढची वेळ जवळ आली असल्यास ती सोडून द्यावी आणि दोन गोळ्या एकत्र कधीही देऊ नयेत. हे औषध एकाएकी बंद पडले तर फिट्स अधिक जोराने येऊ शकतात आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नवीन आणण्याचे काम कॉलेजात जाणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या कोणा एकाकडे द्या. पुन्हा कधी गोळी दोनदा गेली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

गोळी देण्याच्या पाळ्या लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा तासांच्या अंतराने, दोन्ही वेळी हमखास घरी असणाऱ्या एकाच व्यक्तीने ती द्यावी. तिला बाहेरगावी जायचे असेल तेव्हा डबी दुसऱ्याच्या हातात द्यावी. नुसता निरोप ठेवू नये. तुमच्या घरी ती व्यक्ती बहुधा सासूबाईच असतील, परंतु त्या दिवसभर घरी असतात म्हणून हे काम आपोआप त्यांच्या गळ्यात पडू देऊ नका. त्यांना विचारा, आणि त्या नाही म्हणाल्या तर तुम्ही घ्या.

खाण्यासाठी सकाळीच दिवसभराचे अन्न मोजून एका डब्यात काढा. बिस्किटे आणि पोळीचे तुकडेही त्यातच ठेवा. कोणीही काही द्यायचे ते त्यातूनच, आणि डबा संपला की दिवसाचे खाणे संपले. सासूबाईंना लाडाने काही भरवावेसे वाटणारच, त्यासाठी काकडीचे आणि गाजराचे तुकडे वेगळे ठेवा. आहार किती कमी करायचा हे मात्र डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

या औषधासाठी साधारण दर सहा महिन्यांनी रक्तातील औषधाचे प्रमाण आणि यकृत तपासावे लागते. पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही बरोबर न्या. दुपारी तो किती झोपतो, पाणी किती पितो, चालताना मागचे पाय कधी डगमगतात, हे डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर त्यांनाच देता येईल.