राजीनाम्याआधी पॉलिसी

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३५, नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात प्रॉडक्शनला नऊ वर्षं. टीबी बरा झाला, पण मागे ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याचा आजार) राहिला आणि प्लँटमधल्या वासाने खोकला उसळतो. राजीनामा देऊन, पीएफ काढून, घरी बसून ऑटोकॅडची (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची) कामं घ्यावीत का, असं ते विचारतात.

काम बदलाच. फक्त राजीनामा या महिन्यात देऊ नका.

तुमची खरी मिळकत पगारापेक्षा कंपनीची ग्रुप आरोग्य विमा पॉलिसी आहे, आणि नोकरी सुटली की ती संपते. बाहेर नवी पॉलिसी घेतलीत, तर आधीपासूनच्या आजाराच्या क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं (२०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती). म्हणून नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्यात धरली जातात. कंपनी तपासण्या सांगेल, कदाचित प्रीमियमही वाढवेल, तरी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे. अर्जात टीबी आणि ब्रॉन्किएक्टॅसिस दोन्ही स्पष्ट लिहा. लपवलेल्या आजारावर क्लेम अडतो, आणि तोही नेमका ॲडमिट असताना.

दहा वर्षं भरली की पीएफसोबतची पेन्शन, म्हणून घरचे थांबा म्हणत आहेत. हिशोब करून पाहू: पेन्शनसाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, गुणिले नोकरीची १० वर्षं, भागिले ठरलेला आकडा ७०. म्हणजे ५८व्या वर्षापासून महिना साधारण २,१४३ रुपये. एवढ्यासाठी आणखी एक वर्ष तो धूर छातीत घेऊ नका. स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी धरलेल्या नोकरीच्या वर्षांचा पीएफ कार्यालयाचा दाखला) घेतलंत तर नऊ वर्षं जमा राहतात, पुढच्या नोकरीत जोडता येतात. दरम्यान छातीच्या डॉक्टरांचं पत्र देऊन क्वालिटी किंवा डॉक्युमेंटेशनला बदली मागा. मिळाली, तर घाई उरत नाही. नाही मिळाली, तर पॉलिसी हातात आली की निघा.

पीएफला मात्र हात लावू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, आणि कॉम्प्युटर घ्यायला एवढी रक्कम लागत नाही. इनहेलर, फिजिओथेरपी, फ्लूची दरवर्षीची लस हा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. त्यासाठी वर्षभर पुरेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, आणि पहिली दोन-तीन ड्रॉइंगची कामं नोकरीत असतानाच रविवारी करून पाहा. आधी कंपनीच्या नियमात ते बसतं का, एवढं एचआरला विचारून घ्या.