आधी बाकडी टाक, मग बाकीचं बोलू

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आठवड्यात तुमच्या म्युझियमच्या ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे म्हाताऱ्या आणि दिव्यांग माणसांनाही ते नीट बघता यावं याचा प्लॅन द्यायचाय, पैसे जेमतेम, साहेबांना टचस्क्रीन हवाय, तुला ब्रेल हवंय, आर्किटेक्ट म्हणतो जुन्या वाड्यात लिफ्ट बसणार नाही, आणि तू विचारतेस सुरुवात कुठून करू. बाकड्यांपासून कर.

हो, बाकडी. अख्ख्या मजल्यावर बसायला काय आहे तुमच्याकडे? गार्डचं एक स्टूल, आणि त्यावर गार्ड बसलेला. दीड-दोन तास माणसाला उभं ठेवायचं आणि वर म्हणायचं की आपल्या लोकांना म्युझियमची आवडच नाही. आवड आहे गं, पाय साथ देत नाहीत!

पुण्यात केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकरांनी आयुष्यभर फिरून २० हजारांवर वस्तू जमवल्या, आणि त्यात काय आहे बघ, दिवे, दौती, पाय घासायच्या वजऱ्या, अडकित्ते, म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या हातातल्याच वस्तू. त्या आज्यांना बघता येणार नसतील तर मग कोणासाठी मांडायच्या? आमच्याकडेही अडकित्त्यांचं एक कपाट होतं. एकदा नातीबरोबर एक आजी आल्या, कपाटाला टेकून उभ्या, आणि काचेला हात लावला म्हणून गार्ड ओरडणार तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की त्यांना उभंच राहवत नाहीये. त्याने आपलं स्टूल पुढे केलं. आजी बसल्या आणि बोलायला लागल्या. चिकणी सुपारी कशी कातरायची, रोठ्याला जोर कसा लागतो, बोट कुठं ठेवायचं नाही, रिकाम्या हाताने सगळं करून दाखवत होत्या. नातीने मोबाईल ठेवून दिला, मागे चार माणसं थांबली. आमच्या लेबलवर होतं, 'अडकित्ता, पितळ, १९ वे शतक.' बस. एवढंच.

मी लगेच बाकड्यांचं प्रपोजल टाकलं. उत्तर काय, तर दालनाची शोभा जाईल, लोक डबे उघडतील, झोपतील, म्युझियमचा एसटी स्टँड होईल. झोपू देत की एखाद्याला, उन्हातून आलेला असतो! फाइल वर्षानुवर्षं फिरली, मी भांडत राहिले, भांडखोर म्हणून नाव झालं, एका कमिटीतून वगळली गेले. मला त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते याचं, की माझी आई माझं म्युझियम पूर्ण बघू शकली नाही, पहिल्या दालनानंतर कंबर धरून बाहेर गेली आणि बाकडी आली तेव्हा ती नव्हती. लोक म्हणतात हिने एका बाकड्याचा एवढा इश्यू का केला, तर म्हणून केला, आणि परत करेन.

आता टाकायची तर नीट टाक. पाठ हवी, दोन्ही बाजूंना हात हवेत कारण गुडघे दुखणारा माणूस हातावर जोर देऊन उठतो. उंची दीड फूट, त्याहून खाली नको. तोंड वस्तूकडे हवं, भिंतीकडे किंवा संडासाच्या दाराकडे नाही. आणि शेजारी तीन फूट मोकळी जागा सोड, म्हणजे व्हीलचेअरवरचा माणूस आपल्या घरच्यांच्या बाजूला बसेल.

व्हीलचेअर आत येणार कशी, हे बरोबर विचारलंस. तुमच्या दाराला सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या आहेत, म्हणजे दीड फूट चढ, १:१२ च्या, म्हणजे एक फूट चढाला बारा फूट लांबीच्या हिशोबाने १८ फूट रॅम्प लागतो. फोटोत दिसतोय तो सहा फुटी उतार रॅम्प नाहीये, त्यावरून माणूस पडेल. साहेब बजेट नाही म्हणाले की नोटमध्ये २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लिही, तोंडी वाद घालू नकोस, सगळं लेखी.

ब्रेल नको असं मी म्हणतच नाहीये. दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये २०१५ साली 'अनुभव' दालन झालं, प्रतिकृतींना हात लावून बघायचं, ब्रेल लेबलं, ऑडिओ. छानच आहे, तूही कर. तांबट आळीतून एक समई, एक अडकित्ता विकत आण आणि टेबलावर ठेव, हाताळू देत सगळ्यांना, डोळसांनाही. पण हाताने बघायला वेळ लागतो, तेव्हा त्या टेबलाला खुर्ची लाव! बघ, परत तिथेच आलो.

टचस्क्रीनचं मात्र मला सांगू नकोस. एकदा बंद पडला की दुरुस्तीची फाइल, एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपलेला, वर 'बंद आहे' चा कागद चिकटवलेला, आणि त्याच्यासमोर पण उभंच राहायचं.

नोकरी सोडायचा विचार आत्ता बाजूला ठेव, त्यावर फोनवर बोलू. सोमवारी सुताराला बोलव, सागवान परवडत नसेल तर लोखंडी फ्रेम आणि लाकडी फळ्या चालतील. कोटेशनं तीन घे, दोनवर अकाउंट्सवाले फाइल परत पाठवतात.

तुझी,
मॅडम